खालची नळी थंड

चढाच्या चौथ्या वळणावर कासव आलं. खरं कासव नव्हे, गाडीच्या पडद्यावर उगवतं ते, पिवळं, सदऱ्याच्या बटणाएवढं. ते आलं की समजायचं, बॅटरी तापली आणि गाडीने अंग काढून घेतलं. मग तुम्ही पेडल पार तळाला टेकवा नाहीतर गाडीच्या पाया पडा, ती माणसाच्या चालीने चालते. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न सुरू केला. मी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जा म्हणून खूण केली. जाता जाता त्याने माझ्याकडे बघून अशी मान हलवली, जणू मी हौसेने तिथे रेंगाळत होते.

मागच्या सीटवर दोन थंड पेट्या होत्या आणि पेट्यांत सात दवाखान्यांतलं रक्त. कोणाची साखर, कोणाचं थायरॉइड, कोणा पोराचा ताप उतरेना म्हणून काढलेलं. माझं काम सांगायला सोपं आहे. पहाटे रिकाम्या पेट्या घेऊन डोंगर ओलांडायचा, पलीकडचे सात दवाखाने फिरायचे आणि साडेअकराच्या आत परत अलीकडे येऊन पेट्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. उशीर झाला की नमुने वाया जातात, आणि ज्यांच्या दंडातून ते काढले त्यांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. महिन्यात तीन खेपा चुकल्या की रस्ता दुसऱ्याला, असा नियम आहे. पहिली गेल्या आठवड्यात चुकली होती. ही दुसरी.

हा रस्ता मला सेहेचाळिसाव्या वर्षी मिळाला. त्याआधी मी कोणाची तरी मुलगी होते, मग कोणाची तरी बायको, आणि नवरा गेल्यावर पुन्हा दोन भावांची बहीण. पलीकडच्या नर्सबाया मला 'नमुनेवाली' म्हणतात. वाईट नाव आहे, पण माझं एकटीचं आहे. ते जाऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि एक बटणाएवढं कासव ते घेऊन चाललं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन लावला. आम्ही सगळे त्यांना घड्याळ म्हणतो, कारण ते वेळेखेरीज दुसरं काही बोलतच नाहीत.

"कुठे आहात?"

"चौथ्या वळणावर. गाडी पुन्हा तापली."

"अकरा वाजून दहा मिनिटं झाली," घड्याळ म्हणालं. "हे दुसऱ्यांदा. उद्या चुकली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. माझ्या हातात काही नाही, बाई."

ज्यांच्या हातात सगळं असतं तीच माणसं हे वाक्य म्हणतात. मी फोन ठेवला, खाली उतरले आणि गाडीच्या चाकाला एक लाथ घातली. पाय दुखला. गाडीला काही झालं नाही, तिला तर आधीच बरं वाटत नव्हतं. मग बंद पडलेली गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकला बोलावलं आणि कठड्यावर बसून राहिले.

एखाद्याला वाटेल, हिला गॅरेज मिळत नसेल. मला गॅरेज घरातच आहे. माझ्या दोन भावांचं गॅरेज, वर दादाचं घर, त्याच्यावर माझी खोली. तीन आठवड्यांत तिथे ही गाडी चारदा दुरुस्त झाली होती. आणि चारदा दुरुस्त होऊनही ती चढाच्या चौथ्या वळणावर, फार तर पाचव्या, बसत होती. त्यातल्या दोनदा मी रांगत रांगत का होईना वेळेत पोचले होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं त्या गॅरेजचं चाललं होतं.

कारण असं की माझे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दादा साठीला टेकला आहे. हाताने आणि कानाने गाडी ओळखणारा माणूस. छोट्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तारा, पडदे आणि मशीन यांतला. नऊ वर्षांपूर्वी छोट्याने गाडीला जोडायची तपासणी मशीन आणली. दादा एका गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "ज्याला कान नाहीत त्याला असली खेळणी लागतात." छोट्या त्याच गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "आणि ज्याचा हात चुकायला लागला त्याला ती डोळ्यांत खुपतात." झालं. तेव्हापासून दादा सकाळी आठ ते दोन काम करतो आणि छोट्या दोन ते आठ. दोनच्या ठोक्याला एकजण पुढच्या दाराने बाहेर पडतो आणि दुसरा मागच्या दाराने आत येतो. कोणा तिऱ्हाइताला वाटावं, एकाच माणसाने कपडे बदलले.

मधे मी. दादाचा निरोप दुपारी छोट्याला आणि छोट्याचा रात्रीच्या जेवणाला दादाला. नऊ वर्षं. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. दोघांच्या जिभा म्हणजे सुऱ्या. जसंच्या तसं पोचवलं असतं तर गॅरेजचे कधीच दोन तुकडे झाले असते. मी कधी ध चा मा केला नाही, पदरचं एक अक्षर घातलं नाही. फक्त टोचणारं तेवढं गाळायचं आणि कामाचं तेवढं द्यायचं. गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला सांगत होते.

पेट्रोलच्या गाड्यांना हे चालून जायचं. इंजिन दादाचं, वायरिंग छोट्याचं. माझी गाडी मात्र विजेची, आणि तिने या वाटणीचं पार भजं केलं. तिची बॅटरी गार ठेवायला नळ्यांतून गुलाबी कूलंट फिरतं. दादा त्याला पाणीच म्हणतो, म्हणून मीही म्हणते. ते पाणी एक लहानसा पंप फिरवतो. पंप पाण्याचा म्हणून दादाचा, आणि तो विजेवर चालतो म्हणून छोट्याचा.

तीन आठवड्यांपूर्वी गाडीखाली गुलाबी थारोळं दिसलं. दादाने चिरलेली नळी बदलली, नवीन पाणी भरलं, टाकीचं टोपण उघडं ठेवून तासभर आतली हवा निघायची वाट बघितली आणि टोपण लावलं. त्याच आठवड्यात कासव आलं. मग छोट्याने मशीन लावली, मशीन म्हणाली पंप ठीक आहे, म्हणून त्याने उष्णता मोजणारा सेन्सर बदलला. कासव आलं. दादाने रेडिएटर धुतला, त्यातून मूठभर मेलेले किडे आणि पालापाचोळा काढला. कासव आलं. छोट्याने पंख्याची वायर बदलली. आता चौथ्या दुरुस्तीनंतर मी कठड्यावर बसले होते.

कठड्यावर बसल्या बसल्या मला गेला मंगळवार आठवत होता. दुपारी छोट्या गाडीच्या पुढ्यात वाकून उभा होता. तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला सांग, टोपण उघडून बगळ्यासारखं ध्यान लावून बसू नकोस म्हणावं. हिला इंजिन नाही. पंप आपोआप फिरत नाही. मी मशीन लावून पंप फिरवल्याशिवाय आतली हवा जन्मात निघायची नाही. एवढं त्या दगडाला कळत नसेल तर त्याने सायकली दुरुस्त कराव्यात."

रात्री जेवताना मी दादाला म्हटलं, "छोट्या म्हणत होता, हवा नीट काढली की होईल."

दादाचा घास हातातच राहिला. "हवा काढली आहे. चाळीस वर्षं काढतोय. त्या शहाण्याला सांग, मशीनमध्ये तोंड खुपसून बसण्यापेक्षा एकदा आईबापाने दिलेले हात लावून बघ. चढावरून आली की बॅटरीची वरची नळी चटका देते आणि खालची नळी थंड. पाणी फिरतच नाहीये. तुझी मशीन फिरतंय म्हणते, ती तुझ्यासारखीच खोटारडी आहे."

दुसऱ्या दिवशी मी छोट्याला सांगितलं, "दादा म्हणतो हवा काढली आहे. तू एकदा बघून घे."

छोट्याने पंख्याची वायर बदलली.

ट्रक आला. चालवणारा बोलका होता. "कोणत्या गॅरेजला सोडू?"

"जिथून सकाळी निघाली तिथेच."

"मग गॅरेज बदला की."

"भाऊ बदलता येत नाहीत," मी म्हटलं. तो हसला. मला हसू येत नव्हतं. दुपारचा एक वाजून गेला होता आणि उद्याचे साडेअकरा, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ट्रक गॅरेजच्या पुढच्या दारात आडवा लागला आणि गाडी उतरवायला त्याने चांगली पंधरा मिनिटं खाल्ली. तेवढ्यात दोन वाजले. दादा हात पुसून निघाला तर पुढच्या दारात ट्रक. मागच्या दाराने बाहेर पडावं तर तिथून छोट्या आत येत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघं एका छपराखाली समोरासमोर उभे राहिले. दादाने भिंतीवरचे पाने बघायला सुरुवात केली आणि छोट्याने स्वतःचा फोन.

दादा भिंतीकडे बघत मला म्हणाला, "विचार त्याला, आज काय म्हणते त्याची मशीन?"

छोट्या सात पावलांवर होता. कान शाबूत होते. पण निरोप माझ्या तोंडून येईपर्यंत तो ऐकू येत नाही, असा रिवाज होता. तो माझ्याकडे बघत थांबला. मीही तोंड उघडलं, सवयीने, 'दादा विचारतो गाडीला काय झालं असेल' असं काहीतरी मऊ बोलायला. आणि मला एकदम स्वतःचाच संताप आला. माझं काम जात होतं आणि मी शब्दांना लोणी लावत होते.

"आज गाळणार नाही," मी म्हटलं. "आज जसंच्या तसं घ्या दोघंही. दादा, मंगळवारी हा काय म्हणाला माहिती आहे? तुला दगड म्हणाला. बगळा म्हणाला. तुला सायकली दुरुस्त करायला बसवावं म्हणाला."

"ताई," छोट्या म्हणाला.

"तू गप्प. टोपण उघडून बगळ्यासारखं ध्यान लावून बसू नकोस म्हणाला. हिला इंजिन नाही, पंप आपोआप फिरत नाही, मी मशीन लावून पंप फिरवल्याशिवाय आतली हवा जन्मात निघायची नाही, एवढं त्या दगडाला कळत नसेल तर त्याने सायकली दुरुस्त कराव्यात. हे असं. एक शब्द माझा नाही."

मला शब्द नीट लक्षात राहतात. गाळायचं असेल तर आधी सगळं लक्षात ठेवावं लागतं.

दादाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता पाना उडतो. पण तो हळूच म्हणाला, "परत सांग. मधलं."

"कुठलं, दगड?"

"दगड राहू दे. पंपाचं."

मी परत सांगितलं. दादा गाडीच्या पुढच्या झाकणाकडे बघत राहिला. "म्हणजे मी टोपण उघडून तासभर बसलो, तेव्हा आत काही फिरतच नव्हतं?" हे त्याने मला विचारलं. मला काय कळतं त्यातलं.

"आणि छोट्या, तू," मी म्हटलं. माझी गाडी आता उतारावर होती, थांबवता येत नव्हती. "दादा म्हणाला, तू आणि तुझी मशीन दोघंही खोटारडे. मशीनमध्ये तोंड खुपसून बसण्यापेक्षा एकदा हात लावून बघ म्हणाला. चढावरून आली की वरची नळी चटका देते आणि खालची नळी थंड, पाणी फिरतच नाहीये..."

"खालची नळी थंड?" छोट्या म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही. तो दादाकडे वळला होता. "खालची नळी थंड होती?"

दादाने घसा साफ केला. "बर्फ."

"आणि वरची?"

"हात ठेववत नव्हता."

नऊ वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं हे. मला रडू यायला हवं होतं, पण मी इतकी चिडलेली होते की आलं नाही.

छोट्याने फोन खिशात टाकला. "मग पंप हवेत फिरतोय. मशीन खोटं सांगत नाही, ती म्हणते पंप फिरतोय, तो फिरतोच आहे. पण पाण्यात नाही. नळी बदलल्यावर आत हवा राहिली आणि ती नेमकी पंपाच्या तोंडाशी बसली आहे. सपाटीवर चालून जातं. चढावर बॅटरी तापते आणि तिची उष्णता न्यायला पाणीच येत नाही." मग त्याने दादाला विचारलं, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," दादा म्हणाला. "मंगळवारी. हिच्याजवळ."

"मीही सांगितलं होतं पंपाचं. मंगळवारीच."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला लहानपणी शाळेत फळ्यासमोर उभं केलं होतं, उत्तर येत नसताना, तेव्हा असं वाटलं होतं. मी म्हटलं, "गाडी आधी. माझ्यावर नंतर या."

काम दोघांचं होतं, एकट्याने होण्यासारखं नव्हतंच. छोट्याने मशीन जोडली. पडद्यावर कुठेतरी खोल एक पान होतं, त्यात गेलं की पंप पूर्ण जोराने फिरतो आणि सगळ्या वाटा उघडतात. दादा पुढून वाकला. नळ्यांच्या सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा एक लहान स्क्रू होता, तो त्याच्या बोटांनी न बघता शोधला.

"लावू?"

"लाव."

पंपाचा आवाज वाढला. दादाने कान जवळ नेला. "कोरडा आहे," तो म्हणाला. "बंद कर. आता कर चालू. बंद. थांब जरा, वर येतेय ती. चालू." मशीनमध्ये असलं काही लिहिलेलं नव्हतं, तरी छोट्या निमूट बटण दाबत होता. सातव्या-आठव्या वेळी नळीतून घशात अडकल्यासारखा गुळगुळ आवाज आला, स्क्रूतून फेस आला, गुलाबी, आणि मग टाकीतलं पाणी बघता बघता खाली गेलं. दादा ओतत राहिला. जवळजवळ दीड लिटर मावलं. दीड लिटर हवा घेऊन मी दर दिवशी डोंगर चढत होते.

"आता दहा मिनिटं फिरू दे," छोट्या म्हणाला.

दहा मिनिटं कोणाला काही काम नव्हतं, आणि तीच वाईट गेली. पंप फिरत होता. दादा बाटलीचं झाकण लावत होता, एकदा लावून झालेलं परत लावत होता. मग खाली बघूनच म्हणाला, "तेव्हाचंही असंच झालं का?"

"कधीचं?" छोट्याने विचारलं.

"त्या गिऱ्हाइकानंतर. चार दिवसांनी मी हिच्याजवळ तुला निरोप दिला होता. तू आला नाहीस."

"मला निरोप मिळाला तो असा, की दादाला थोडे दिवस एकटं राहू दे."

दादा माझ्याकडे वळला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "मी काय सांगितलं होतं?"

मला आठवत होतं. न आठवण्याचं सोंग करता आलं असतं, पण शब्दांच्या बाबतीत आत्ताच एवढी मिजास केली होती. मी म्हटलं, "तू म्हणालास, 'त्या गाढवाला सांग, माझ्या दारात तोंड दाखवलंस तर आधी दोन कानाखाली वाजवीन आणि मग जेवायला पानावर बसवीन. पण यायचं त्याने.'"

"आणि तू काय सांगितलंस?"

"थोडे दिवस जाऊ दे, एवढंच."

मी कानाखालच्या दोन गाळल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर जेवणही गाळलं गेलं होतं. मला तेव्हा ते दिसलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "मला वाटलं मारामारी होईल."

"झाली असती," दादा म्हणाला. "मग?"

छोट्या मशीनच्या पडद्याकडे बघत होता, पण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसते सेकंद पळत होते.

"तीन रविवार ह्याचं ताट मांडून ठेवलं होतं," दादा म्हणाला. हेही मला नाही, छोट्यालाही नाही, गाडीला सांगितल्यासारखं. "चौथ्या रविवारी म्हटलं, नसेल यायचं त्याला."

"आलो असतो," छोट्या म्हणाला. "मार खायलासुद्धा आलो असतो."

मी चांगलं केलं असंच मला वाटत होतं, हे मला सांगायचं होतं. चांगलं वाटून केलेल्याचा हिशेब कोणी धरत नाही, आणि धरूही नये. नऊ वर्षं दोन भावांमधे हवा होऊन मी बसले होते, आणि वर माझा तोरा असा की माझ्यामुळेच घर टिकलंय.

मशीन वाजली. दहा मिनिटं झाली होती. दादाने एक हात वरच्या नळीवर ठेवला, एक खालच्या. मग छोट्याचं मनगट धरून त्याचा हात खालच्या नळीवर नेला.

"सारख्या आहेत," छोट्या म्हणाला.

"सारख्या," दादा म्हणाला.

ट्रक केव्हाच गेला होता, दोन्ही दारं मोकळी होती, पण कोणी निघालं नाही. दोघं पुढच्या झाकणात डोकं घालून आणखी काहीतरी बोलत राहिले. मी तिथेच उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. मग मी वर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. जाताना चढावर काही झालं नाही, पण जाताना सकाळ गार असते, त्यावर भरवसा नाही. सात दवाखाने झाले. पेट्या भरल्या. परतीच्या चढाला लागले तेव्हा सव्वादहा झाले होते आणि ऊन रस्त्यावर होतं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चौथ्याला मी रस्त्यापेक्षा पडद्याकडेच जास्त बघत होते. पडद्यावर बॅटरीच्या तापमानाची काठी अर्ध्यावर आली आणि तिथेच राहिली. पाचवं, सहावं, माथा. उतारावर मी एकटीच मोठ्याने काहीतरी म्हणाले, शिवी असावी.

प्रयोगशाळेच्या खिडकीशी घड्याळ उभं होतं. पेट्या आत घेताना त्यांनी मनगटाकडे बघितलं. "दहा वाजून बावन्न."

"हो."

"मग मी त्या दुसऱ्या माणसाला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.

रस्ता माझाच राहिला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बाहेर पायरीवर बसून मी दोन मिनिटं नुसती हसत होते.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. गॅरेजमध्ये दोघंही होते. एका पेट्रोलच्या गाडीच्या आवाजावरून त्यांचं वाजलं होतं; दादा म्हणत होता पट्टा, छोट्या म्हणत होता बेअरिंग, आणि दोघांपैकी कोणीही आवाज खाली आणत नव्हता. मी गाडी दारात लावली. दादाने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पाठ फिरवली आणि छोट्याला काहीतरी सांगितलं. बरंच काही. तेवढं लांबून मला ऐकू आलं नाही.

छोट्या हात पुसत माझ्या खिडकीशी आला.

"वेळेवर पोचलीस?"

"पोचले. काय म्हणाला दादा?"

"महिन्याने पाणी बघायला गाडी आण म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काही नाही. एवढंच."

तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. नऊ वर्षं मी तो लावून दोघांच्या दारात उभी राहत होते. "एवढं बोलायला एवढा वेळ लागत नाही. पूर्ण सांग."

"ताई, जाऊ दे ना. म्हातारा आहे, बोलतो."

"पूर्ण सांग, छोट्या. त्याच्या शब्दांत."

त्याने मागे वळून बघितलं. दादा त्या गाडीत वाकलेला होता. छोट्या माझ्या खिडकीच्या काचेवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणाला, तिला सांग गाडी आण, पण चावी तुझ्याकडे द्यायची आणि सरळ वर जायचं म्हणावं. तिचं तोंड बघावंसं वाटत नाही अजून."

लागायचं तिथेच लागलं. मग विचारलं, "'अजून' तो म्हणाला, का तू घातलंस?"

"त्याचंच आहे."

मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो हेच म्हणाला.